कुंडीत अंडी घातलेला तुऱ्याचा लावा : नेमका कोणता, आणि आता काय करायचं?

अंगणवेल (चँडलर, ॲरिझोना)

जाणकारांची मदत हवी आहे. माहिती शक्य तेवढी नेमकी देतो.

पक्षी पारव्यापेक्षा लहान, गोलमटोल, सतत जमिनीवर. कपाळावरून पुढे झुकलेला काळा तुरा, स्वल्पविरामासारखा. नराचा चेहरा काळा, त्याभोवती पांढरी रेघ. मादी करडी, तुरा लहान. दोघं भिंतीच्या कडेनं पळतात, अगदीच जवळ गेलं तर फडफडाट करत भिंतीपलीकडे जातात.

मागच्या अंगणात पश्चिमेकडे तोंड असलेल्या भिंतीलगत बोगनवेलीची मोठी कुंडी आहे. तिच्यात वेलीच्या बुडाशी मातीत खळगा करून अंडी घातली आहेत. मळकट पांढरी, तपकिरी ठिपक्यांची. सोमवारी ७ एप्रिलला ५ होती, आज बुधवारी ७ आहेत. मादी सकाळी थोडा वेळ येते आणि जाते. बाकी दिवसभर अंडी उघडी असतात. अजून हात लावलेला नाही.

१) शेजारी म्हणतात हा कॅलिफोर्निया क्वेल (क्वेल म्हणजे लावा). इथले फलक पाहिले तर गॅम्बल्स क्वेल वाटतो. कसं ठरवायचं?
२) अंडी सोडून दिली आहेत का?
३) कुंडीला ठिबकची नळी आहे, दुपारी तिथं कडक ऊन येतं आणि ४ मीटरवर पोहायचा पूल आहे. कुंडी सावलीत हलवली तर चालेल का?

---

खडकवाट (टूसॉन)

ओळखीचं मी सांगतो. घरट्याबद्दल पानवठा लिहितीलच, त्यांचा तो विषय आहे.

तुमचा पक्षी गॅम्बल्स क्वेल. तुऱ्यावरून ठरवायला गेलात तर फसाल, कारण तुरा दोन्ही जातींना जवळपास सारखाच असतो. पोट बघा. गॅम्बल्सच्या नराच्या पोटावर फिकट पिवळसर भागात मधोमध एक मोठा काळा डाग असतो, आणि खवल्यांची नक्षी अजिबात नसते. कॅलिफोर्निया क्वेलचं पोट माशाच्या खवल्यांसारखं दिसतं, प्रत्येक पिसाला काळी किनार, आणि मध्ये तांबूस डाग. हे एक लक्षण दिसलं की बाकीचं पाहायची गरज उरत नाही.

पण हा पक्षी पोट दाखवत उभा राहत नाही, पाठ करून पळतो. म्हणून दुसरं लक्षण डोक्याचं. गॅम्बल्सच्या नराचा माथा तांब्याच्या भांड्यासारखा लालसर, उन्हात लांबूनही चमकतो, आणि कपाळ काळं. कॅलिफोर्नियाचा माथा गडद तपकिरी आणि कपाळ फिकट. तिसरं लक्षण बाजूचं, पंखाखालचं : गॅम्बल्सला गडद विटकरी रंगावर पांढऱ्या रेघा, कॅलिफोर्नियाला मातकट तपकिरीवर पांढऱ्या रेघा.

मादीच्या बाबतीत लोक जास्त चुकतात. तिला काळा चेहरा नाही, पोटावर काळा डाग नाही. तिथं फक्त दोन गोष्टी पाहा : बाजूचा विटकरी रंग (तो गॅम्बल्सच्या मादीलाही असतो) आणि पोटावर खवले आहेत की नाहीत. खवले नसतील तर गॅम्बल्स.

ठिकाणही तितकंच बोलतं. गॅम्बल्स हा सोनोरन वाळवंटाचा आणि त्याच्या आसपासचा पक्षी. ॲरिझोना, दक्षिण नेवाडा, कॅलिफोर्नियाचा आग्नेय वाळवंटी भाग, न्यू मेक्सिकोचा काही भाग आणि मेक्सिकोतलं सोनोरा. लास व्हेगासला दिसतो तो हाच. कॅलिफोर्निया क्वेल किनाऱ्याच्या बाजूचा : सॅन डिएगो, लॉस एंजलिस, सॅन फ्रान्सिस्कोचा बे एरिया. दोघांच्या हद्दी दक्षिण कॅलिफोर्नियात वाळवंटाच्या पश्चिम कडेला भिडतात, तिथं संकर सापडतात आणि तिथं डोकं खाजवायला हरकत नाही. चँडलरमध्ये तो प्रश्नच येत नाही. शेजाऱ्यांचा गोंधळ स्वाभाविक आहे, कारण तुऱ्याचा लावा म्हणून प्रसिद्धी मिळाली ती कॅलिफोर्निया क्वेलला. १९३१ पासून तो कॅलिफोर्नियाचा राज्यपक्षी आहे.

ॲरिझोनात मूळचे आणखी तीन लावे आहेत, पण शहरातल्या अंगणात ते येत नाहीत. स्केल्ड क्वेलच्या डोक्यावर काळा तुरा नसतो, टोकाला पांढरा असलेला शेंडा असतो, जणू कापसाचा बोळा ठेवलाय. तो आग्नेय भागातल्या गवताळ माळांवर. माँटेझुमा क्वेल ओकच्या टेकड्यांवरच्या गवतात. त्याच्या नराच्या तोंडावर काळे-पांढरे पट्टे रंगवल्यासारखे असतात आणि तो पळत नाही, पायाखाली येईपर्यंत दबून बसतो. तिसरा मास्क्ड बॉबव्हाइट, अतिशय दुर्मीळ. मेक्सिकोच्या सीमेजवळच्या ब्वेनोस आयरेस अभयारण्यात त्याला पुन्हा रुजवायचे प्रयत्न चालू आहेत.

मापं हवी असतील तर : लांबी साधारण २५ ते २८ सेंटिमीटर, वजन १६० ते २०० ग्रॅम.

---

पानवठा (मेसा)

अंडी सोडून दिलेली नाहीत. हे आधी सांगते, कारण बहुतेक घरट्यांचा घात इथंच होतो. अंडी थंड लागली म्हणजे गेली असं समजून लोक ती उचलतात, दिव्याखाली ठेवतात किंवा फेकून देतात.

खुडूक कोंबडी आठवा. गावाकडे अंडी आठ-दहा दिवस टोपलीत साठवतात आणि कोंबडी खुडूक बसली की सगळी एकदम तिच्याखाली सारतात. तोवर ती थंडच असतात, तरी पिल्लं निघतात आणि सगळी एकाच सुमाराला निघतात. लाव्याची मादी हेच स्वतः करते. साधारण रोज एक अंडं, मधे एखाद्या दिवसाचा खाडा. शेवटचं अंडं घातल्यावरच ती खऱ्या अर्थानं बसते. तोवर अंडं घालण्यापुरती यायचं, घालायचं, निघून जायचं. सोमवारी ५ आणि आज ७, म्हणजे सगळं वेळापत्रकाप्रमाणे चाललंय.

आता हिशेब. एका घरट्यात बहुतेक वेळा १० ते १२ अंडी असतात. तुमची मादी १२ वर थांबली आणि एखादा खाडा धरला तर १५ एप्रिलच्या आसपास ती बसेल. उबवणं २१ ते २३ दिवसांचं. म्हणजे पिल्लं साधारण ५ ते ९ मेच्या दरम्यान. कॅलेंडरवर खूण करून ठेवा, त्या आठवड्यात तुम्हाला काम आहे. अंडी पंधराच्या वर गेली तर समजा दुसऱ्या मादीनंही त्याच कुंडीत घातली आहेत. लाव्यांत हे होतं, आणि मग तळाची काही अंडी नीट ऊब न मिळाल्यानं फुकट जातात. त्यात आपण काही करू नये.

कुंडी हलवू नका. एक मीटरही नाही. मादी जागा ओळखते ती भोवतालच्या खुणांवरून, आणि अंडी घालण्याच्या काळात ती सगळ्यात बिथरलेली असते. या दिवसांत जरा जास्त वावर झाला की ती उरलेली अंडी दुसरीकडे घालते. एकदा उबवायला बसली की मात्र चिवट असते, विशेषतः शेवटच्या आठवड्यात.

माणसाचा वास लागला की पक्षी अंडी टाकतो, असं आपल्याकडे घरोघर सांगतात. ते खरं नाही. पण हात न लावणं तरीही बरोबर, कारण वेगळं आहे : रोज त्याच वाटेनं कुंडीपाशी जाणाऱ्या माणसाला मांजर बघतं, कावळा बघतो. घरटं पाहायचं तर खिडकीतून, दुर्बिणीनं.

ठिबक : त्या कुंडीची नळी आजच बंद करा. ओल्या मातीत बसलेली अंडी आतून खराब होतात, आणि कुंडीच्या तळाचं भोक बुजलेलं असेल तर पाणी साचून सगळीच जातात. नळीच्या तोंडाला बसवायची प्लास्टिकची बुचं हार्डवेअरच्या दुकानात किरकोळ किमतीत मिळतात. बोगनवेल इतक्या दिवसांत मरत नाही. फारच सुकायला लागली तर मादी दाणे टिपायला उतरलेली असताना (सकाळी किंवा दुपार कलल्यावर ती थोडा वेळ उतरते) कुंडीच्या अगदी कडेनं, खळग्यापासून लांब, लोटाभर पाणी घाला. वरून शिंपडू नका.

ऊन : हे मला तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात गंभीर वाटतं. मेमध्ये फीनिक्सच्या आसपास ३८ अंशांच्या वर पारा सहज जातो आणि पश्चिमेकडे तोंड असलेली सिमेंटची भिंत संध्याकाळपर्यंत तव्यासारखी तापते. उबवताना मादी स्वतःच्या अंगानं अंड्यांवर सावली धरते, पण बसायला लागण्याआधीच्या दिवसांत अंडी उघडी असतात. ती जागा वेलीनं झाकलेली असेल तर काही करू नका, मादीनं ती बघूनच निवडली आहे. थेट ऊन पडत असेल तर कुंडीपासून दीड-दोन मीटरवर, पश्चिमेच्या बाजूनं, अंगणातली मोठी छत्री उभी करा. एका फटक्यात नको. पहिल्या दिवशी मिटलेली, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी पूर्ण. ती मादी घरट्यात नसतानाच हे करायचं. कुंडीवर कापड टाकणं किंवा पुठ्ठा टेकवणं नको, तिची उडून यायची वाट बंद होते.

पिल्लं निघायच्या आठवड्याबद्दल वेगळं लिहिते, ते मोठं आहे.

---

बोराटी (सोलापूर)

धागा वाचून एक प्रश्न. हा आपल्याकडच्या लाव्याचाच भाऊबंद का? माळावर बोरीच्या झुडपातून पायाखालून भर्रकन आठ-दहा लावे उठतात, तीच सवय वाटते. आणि मराठीत याला काय म्हणावं?

---

खडकवाट

दिसायला आणि वागायला सारखे, नात्यानं लांबचे. आपले लावे तित्तर, मोर, कोंबडी यांच्या घराण्यातले. अमेरिकेतले लावे वेगळ्या कुळात मोडतात. सारख्या जागी सारखं जगताना दोघांची चण सारखी झाली : गोल अंग, आखूड रुंद पंख, भक्कम पाय. असे पंख लांब उडायला उपयोगाचे नाहीत, पण जागेवरून एका झटक्यात उठायला उत्तम. म्हणून दोघंही आधी पळतात, मग भर्रकन उठतात, थोडं अंतर जाऊन पुन्हा झुडपात शिरतात आणि उतरल्यावर परत पळतात. जिथं उतरला तिथं शोधायला गेलात तर तो सापडत नाही, कारण तोवर तो वीस-तीस मीटर पुढे गेलेला असतो.

एक फरक मात्र लक्षात ठेवण्याजोगा. आपले लावे रात्रही जमिनीवरच काढतात. गॅम्बल्स क्वेल दिवसभर जमिनीवर वावरला तरी रात्री झुडपात किंवा लहान झाडावर चढतो. संध्याकाळी मेस्कीटच्या किंवा अंगणातल्या लिंबाच्या दाट फांद्यांत कुजबुज ऐकू आली तर तो थवा झोपायची जागा धरतोय. अशी फांदी छाटायची असेल तर ती छाटणी लांबवा.

मराठी नाव म्हणाल तर रूढ असं नाही. तुऱ्याचा लावा म्हटलं तर चालेल, पण ते दोन्ही जातींना लागू पडतं, म्हणून मी गॅम्बल्सच म्हणतो. हे नाव विल्यम गॅम्बल या तरुण निसर्गअभ्यासकाचं. १८४९ मध्ये कॅलिफोर्नियात विषमज्वरानं तो गेला, विशीतच.

आणि मेस्कीट म्हणजे कोण, हे सोलापुरात सांगायला नको. आपल्या माळावरची वेडी बाभूळ याच गोतावळ्यातली. तिकडे ती उपरी आणि उच्छादी, इथे तिची भावंडं मूळची आणि लाव्याचा अर्धा संसार त्यांच्याच सावलीत.

---

पानवठा

आता पिल्लांचा आठवडा.

पिल्लं बाहेर येण्याआधी अंड्यातूनच आवाज करतात, आणि त्यामुळे ती जवळपास एका वेळी फुटतात. फुटल्यावर काही तासांत, अंग वाळलं की, ती चालायला लागतात. सुपारीएवढा जीव, अंगावर पट्ट्यांची लव. कुंडी कितीही उंच असली तरी ती उडी मारतात. अर्धा-पाऊण मीटरवरून पडून त्यांना इजा होत नाही, अंग हलकं असतं. तुम्ही फक्त खाली खडी टोकदार असेल तर जुनं पोतं अंथरा. शिडी, फळी वगैरे काही टेकवू नका.

धोका पुढे आहे. क्रमानं सांगते.

पूल. लाव्यांच्या पिल्लांचा अंगणातला सगळ्यात मोठा काळ हाच. आईबाप कडेनं चालतात, पिल्लं मागं धावतात, एक घसरलं की त्याच्यामागं दुसरं. पाण्याची पातळी काठाच्या आठ-दहा सेंटिमीटर खाली असते, तेवढी भिंत त्यांना चढता येत नाही. मग ती पोहत पोहत स्किमरच्या, म्हणजे पाण्यावरचा कचरा ओढणाऱ्या खाचेच्या, तोंडात ओढली जातात. लहान मुलांसाठी लावलेलं जाळीचं कुंपण उपयोगाचं नाही, त्याच्या फटीतून पिल्लू सहज जातं. ४ मेपासून पुलाभोवती ३० सेंटिमीटर उंचीचा सलग आडोसा करा : बागेच्या वाफ्यांना लावतात ती प्लास्टिकची पट्टी, लांब फळ्या, किंवा अर्धा इंचाहून लहान छिद्रांची जाळी. जमिनीशी फट राहता कामा नये. ते शक्य नसेल तर निदान दोन-तीन ठिकाणी उतरण सोडा. फळीला जुना टॉवेल गुंडाळून एक टोक काठावर दगडाखाली दाबायचं, दुसरं पाण्यात बुडू द्यायचं. गुळगुळीत फळीवरून ती घसरतात, म्हणून टॉवेल हवाच. उतरण कोपऱ्यात लावा, पिल्लं भिंतीला धरून पोहत कोपऱ्यातच येतात. त्या दिवसांत स्किमरची टोपली दर तासाला उघडून बघा, आणि पंप काही तास बंद ठेवता आला तर उत्तम.

भिंत. हे कुणाच्या लक्षात येत नाही. तुमच्याकडे सहा फुटी ब्लॉकची भिंत असणार. आईबाप उडून पलीकडे जातात आणि तिथून हाका मारत राहतात. पिल्लं भिंतीच्या पायाशी धावत बसतात. त्यांना फडफडत थोडं उडता येतं ते साधारण दहा दिवसांनी, आणि इतकी उंची तर त्याहूनही पुढे. तोवर उन्हानं आणि उपासानं ती जातात. उपाय सोपा : पिल्लं दिसली की बाजूचं फाटक उघडून एखादी वीट लावून ठेवा आणि घरात या. आईबाप वाट शोधतात. कुत्रा त्या दिवशी घरात. पिल्लांना फाटकाकडे हाकलायला जाऊ नका. हाकललं की ती दबून बसतात, आई निघून जाते, आणि दबलेलं पिल्लू खडीच्या रंगात मिसळून तुमच्याच पायाखाली येतं.

पाणी. मातीची परळ, खोली दोन-अडीच सेंटिमीटर, आत पाण्याच्या वर डोकावतील असे खडे. कुत्र्याचं खोल भांडं जमिनीवर ठेवू नका, त्यातही पिल्लू बुडतं. परळ रोज धुवा.

एकटं पिल्लू सापडलं तर आधी लांब जाऊन अर्धा तास थांबा. आईबाप हाक देत असतात, बहुतेक वेळा येतात. नाहीच आले तर पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ फडकं, वर झाकण, आणि ऊब. पहिल्या दिवसांत त्याला साधारण ३५ अंशांची ऊब लागते. कोमट पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून एका कडेला ठेवायची, म्हणजे गरम झालं तर ते दुसऱ्या कडेला सरकू शकतं. चोचीत थेंबानं पाणी घालू नका, ते श्वासनळीत जातं. मग परवाना असलेल्या वन्यजीव शुश्रूषा केंद्राला फोन. आसपास त्याच वयाची पिल्लं असलेली जोडी दिसत असेल तर तिच्या वाटेवर सोडलेलं पिल्लू बहुधा सामावून घेतलं जातं. पण पिल्लं त्याच आकाराची हवीत.

सगळे गेल्यावर कुंडीत टरफलं बघा. अंड्याच्या जाड टोकाची टोपी कातरल्यासारखी गोल कापलेली असेल तर पिल्लू आपणहून निघालं. वेडीवाकडी भोकं आणि सांडलेला बलक असेल तर कुणीतरी खाल्लं. अंडी टरफलांसकट नाहीशी झाली तर बहुधा साप, तो ती अख्खी गिळतो. एक-दोन न फुटलेली अंडी मागं राहणं नेहमीचं आहे. ती मात्र आठवडाभर तशीच असू द्या.

आणि कायदा. हा शिकारीचा पक्षी आहे, हिवाळ्यात परवाना घेऊन त्याची शिकार चालते. पण घरटं किंवा अंडी काढणं, हलवणं ॲरिझोनाच्या कायद्यानं मना आहे.

---

अंगणवेल

ठिबक आज बंद केली. पोट पाहिलं : काळा डाग आहे, खवले नाहीत. छत्रीही सांगितल्याप्रमाणे करतो. आडोसा शनिवारी आणतो.

आणखी दोन गोष्टी. नर भिंतीवर चढून बराच वेळ एकच आवाज काढतो, आणि संध्याकाळी वेगळाच, तीन-चार तुकड्यांचा. याचा अर्थ काय? आणि मागच्या हिवाळ्यात इथं पंधरा-वीस एकत्र असायचे, आता दोघंच. बाकीचे मेले का? दाणे टाकायचे का?

---

मृगधारा (फीनिक्स)

मेले नाहीत, पांगले. या पक्ष्याचं वर्ष दोन भागांत समजून घ्या. शरद आणि हिवाळा थव्याचा : दोन-तीन कुटुंबं आणि काही सुटे पक्षी मिळून दहा-वीस. फेब्रुवारी-मार्चमध्ये नर एकमेकांच्या अंगावर धावायला लागतात, जोड्या जमतात आणि थवा फुटतो. उन्हाळ्यात कुटुंबं, आणि पिल्लं वाढली की शरदात परत थवा.

आवाज. तीन-चार तुकड्यांचा तो एकत्र येण्याचा : ‘चि-का-गो-गो’, दुसऱ्या अक्षरावर जोर आणि तेच सर्वांत उंच. जोडीतलं एक दिसेनासं झालं, थवा उधळला किंवा झोपायच्या जागी जमायचं असलं की हा येतो. ऐकू आला तर समजा ते एकमेकांना शोधताहेत, तेव्हा मधे जाऊन उभे राहू नका. उंचावर बसून काढलेला एकच ओढलेला ‘कॉऽ’ हा बहुतेक वेळा बिनजोडीच्या नराचा, वसंतातला. तुमच्या भिंतीवरचा नर हाच आवाज काढत असेल तर तो तुमच्या मादीचा जोडीदार नसून दुसराच असण्याची शक्यता मोठी. जोडीदार सहसा घरट्याजवळ उंचावर गप्प बसून राखण करतो. तिसरा आवाज तुटक, ‘चिप-चिप-चिप’, तो इशाऱ्याचा. तो आला की आकाशाकडे पाहा. कूपर्स हॉक असेल, आपल्या शिक्र्याचाच मोठा भाऊबंद.

आता ज्याबद्दल फार कमी बोललं जातं ते. यंदा किती पिल्लं दिसतील हे उन्हाळ्यावर ठरत नाही, गेल्या हिवाळ्याच्या पावसावर ठरतं. सोनोरन वाळवंटात दोन पावसाळे आहेत : जुलै ते सप्टेंबरचा गडगडाटी मान्सून आणि हिवाळ्यातला संथ पाऊस. मान्सूनचा धो धो पाऊस या लाव्याच्या फारसा कामाचा नाही. ऑक्टोबर ते मार्चचा संथ पाऊस जमिनीत मुरला की वाळवंटात कोवळं हिरवं उगवतं : रानटी शेंगवर्गी रोपं, फिलरी नावाचं तण, आणि इसबगोलसुद्धा, तो इथं रानात वाढतो. ही कोवळी पानं खाऊन मादीला अ जीवनसत्त्व आणि पाणी दोन्ही मिळतं, त्यावर तिचं अंड्यावर येणं ठरतं. हिवाळा कोरडा गेला तर पुष्कळ जोड्या घरटं करतच नाहीत, काही वेळा थवे फुटतही नाहीत. हिवाळा चांगला गेला तर मेमध्ये प्रत्येक ओढ्यात पिल्लांची रांग दिसते. म्हणून एखाद्या वर्षी कमी दिसले तर लगेच मांजरांना दोष देऊ नका, आधी मागच्या हिवाळ्याचा पाऊस तपासा. मांजरांचा दोष आहेच, पण तो दरवर्षीचा आहे.

---

पानवठा

दाण्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे : आत्ता टाकू नका, घरटं संपेपर्यंत तर नाहीच. कुंडीजवळ दाणे म्हणजे कुंडीजवळ उंदीर, खारी आणि त्यांच्यामागून साप. गोफर स्नेक आणि किंग स्नेक अंड्यांसाठी येतातच, जमिनीवर धावणारा रोडरनर पक्षी पिल्लं उचलतो, आणि शहराबाहेरच्या घरांत हीला मॉन्स्टर हा विषारी सरडासुद्धा लाव्याच्या अंड्यांसाठी येतो. त्यांना आमंत्रण कशाला?

शिवाय पिल्लांना पहिल्या आठवड्यांत दाणे नको असतात, किडे हवे असतात. मुंग्या, वाळवी, लहान भुंगेरे. तेव्हा खरी मदत म्हणजे महिनाभर कीटकनाशक बंद. दर महिन्याला फवारणीचा माणूस येत असेल तर एप्रिल-मेची फेरी रद्द करा. उंदरांचं विषही नको, ते दाण्याच्याच रूपात असतं आणि लावा दाणेच खातो.

हिवाळ्यात थवा परत आला की टाकायचेच असतील तर अख्खी ज्वारी किंवा बाजरी, आपल्या वाण्याकडची चालते. बिनमिठाची, कच्ची. दहा-पंधरा मिनिटांत संपेल इतकीच, थव्याला दोन मुठी पुरे. पाव, शिजलेला भात, फरसाण बिलकूल नको. दुकानात दाण्यांची वीट मिळते, क्वेल ब्लॉक म्हणतात तिला. ती रात्रभर बाहेर राहिली की टेकड्यांजवळच्या वस्त्यांत हावेलिना (रानडुकरासारखे प्राणी) येतात, आणि एकदा आले की कुंड्या उलथवतात. मॅरिकोपा, पिमासारख्या मोठ्या वस्तीच्या काउंट्यांत (म्हणजे जिल्ह्यांत) वन्यप्राण्यांना खाऊ घालणं गुन्हा आहे. पक्ष्यांना आणि झाडावरच्या खारींना त्यातून सूट आहे, हावेलिनांना नाही.

दाण्यांपेक्षा झाडं लावा. लाव्याला हवं ते असं झुडूप, ज्याचा घेर जमिनीला टेकतो आणि ज्याच्या आत मांजर शिरत नाही. वुल्फबेरी, डेझर्ट हॅकबेरी, कॅटक्लॉ अकेशिया, ब्रिटलबुश. पहिली तीन काटेरी आहेत, आणि तेच त्यांचं मोल. एकटं झुडूप नको, तीन-चार जवळजवळ, म्हणजे एकातून दुसऱ्यात दोन-तीन मीटरची धाव पुरते. लोक सुबक दिसावं म्हणून खालच्या फांद्या छाटून झुडपाची छत्री करतात. लाव्याच्या दृष्टीनं ते झुडूप तिथं संपलं. शिवाय एक वावभर जागा उघडी, मऊ मातीची सोडा, खडी न टाकता. धुळीत अंघोळ केल्याशिवाय पिसांतल्या उवा जात नाहीत. मातीत ताटलीएवढे उथळ खळगे आणि बाजूला एखादं पीस दिसलं की समजा, जागा पसंत पडली.

---

अंगणवेल

१६ एप्रिल. अंडी ११ वर थांबली. काल सकाळपासून मादी बसून आहे, दुपारीही तिथंच होती. नर समोरच्या भिंतीच्या खांबावर.

म्हणजे १५ पासून २१ ते २३ दिवस, ६ ते ८ मे?

---

पानवठा

बरोबर. ४ मेपर्यंत पुलाचा आडोसा पूर्ण हवा, ५ पासून फाटकाजवळ वीट ठेवा. मधले दिवस घरटं फक्त खिडकीतूनच पाहायचं, जवळ जायचं नाही.

एक राहिलं. बसलेल्या मादीला काही झालं तर काही वेळा नर उबवायला बसतो. म्हणून एखाद्या दिवशी कुंडीत काळा चेहरा दिसला तर घाबरून जवळ जाऊ नका. इथं लिहा.